फिरत्या कळपातील मांसोत्पादन : संधी आणि अडचणी

दिवाळी झाली की माण, खटाव, फलटण, सांगोला, जत, पारनेर, संगमनेर या भागांतील धनगर बांधवांचे वाडे रस्त्याला लागतात. पुढे मेंढरे, मागे घोड्यांवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरे, कडेने कुत्री. काही वाडे वरंधा, ताम्हिणीसारख्या घाटांनी कोकणात उतरतात, काही भीमा-कृष्णेच्या काठच्या बागायती गावांकडे वळतात, तर काही मराठवाड्याकडे जातात. पावसाळा तोंडावर आला की हेच वाडे माघारी फिरतात. वाटेत ते आपल्या रानात चार रात्री बसतात आणि आपला त्यांच्याशी संबंध येतो तो लेंडीखतापुरता. खताबद्दल या लेखात पुढे लिहिले आहे. परंतु हा कळप म्हणजे मुळात मांस तयार करणारा धंदा आहे, आणि तो करणाऱ्याला स्वतःलाही बऱ्याचदा त्याकडे तसे पाहायला सवड मिळत नाही. म्हणून हा लेख मेंढपाळ बंधूंसाठी आहे, तसाच ज्यांच्या बांधाला मेंढरे येतात त्या शेतकरी बंधूंसाठीही आहे.

प्रथमच सांगितलेले बरे की, मी पिकांचा माणूस आहे, जनावरांचा डॉक्टर नाही. गवत, कडबा आणि जमीन या बाजूने मी या विषयात शिरलो. शिरताना एक चूकही केली. ती पुढे येईल.

लोकर गेली, मांस राहिले

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. शेजारच्या तेलंगणात हाच आकडा १ कोटी ९० लाखांच्या घरात आहे. आपल्याकडील बहुतेक मेंढ्या दख्खनी जातीच्या. रंग प्रामुख्याने काळा, अंगावर जाडीभरडी लोकर, आणि भर उन्हात कोस-दोन कोस चालून वाळलेल्या काडीवर पोट भरण्याची ताकद. एका वेताला बहुधा एकच कोकरू. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे स्थानिक प्रकार जाणकार मेंढपाळ नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतात.

एकेकाळी या मेंढीपासून तीन उत्पन्ने होती : लोकर, खत आणि कोकरू. आज लोकरीचे काय झाले आहे ते मेंढपाळांना सांगायला नको. वर्षाकाठी एका मेंढीची लोकर निघते जेमतेम अर्धा-पाऊण किलो, तीही घोंगडी आणि सतरंजीच्या कामाची. घोंगडीचा खप घटला. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतून निघत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर टाकून वाडा पुढे जातो. रानात बसण्याचा मोबदला मिळतो, त्यात वाड्याचा रोजचा खर्च कसाबसा भागतो. राहते ते कोकरू. लग्न, औषधपाणी, घराचे पत्रे, पोरांची शाळा हे सगळे कोकराच्या पैशातून होते. म्हणजे हा धंदा आज शंभर टक्के मांसोत्पादनाचा आहे. परंतु कळपाची मांडणी, विक्रीची पद्धत आणि नराची निवड मात्र अजून तीन उत्पन्नांच्या काळातली राहिली आहे. माझ्या मते खरी अडचण येथे आहे.

लोकर नको म्हणून अनेक मेंढपाळ जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीकडे वळले. ही मेंढी उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली; अंगावर लोकर जवळजवळ नाही. कोकरू जोमाने वाढते, बाजारात उठून दिसते आणि दरही चांगला मिळतो. परंतु मोठ्या हाडापेराच्या जनावराला चाराही तसाच लागतो. ज्याच्याकडे विहीर आणि दोन-तीन एकर रान आहे, जो घराजवळच मेंढ्या फिरवतो, त्याने माडग्याळ जरूर ठेवावी. मात्र आठ महिने पायावर असणाऱ्या वाड्याने सगळा दख्खनी कळप मोडून टाकू नये. दुष्काळात दख्खनी मेंढी वाळते पण तगते, हा गुण बाजारात दिसत नाही. तो मार्च-एप्रिलच्या रखरखीत माळावर दिसतो.

चांगला नर बाजारात, हलका नर कळपात

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. व्यापारी वाड्यावर येतो तेव्हा तो सर्वांत मोठी, भरदार नर कोकरे प्रथम उचलतो. पैसाही त्यांचाच जास्त येतो. उरतात ती उशिरा झालेली, दुधात मागे पडलेली किंवा आजारातून उठलेली. त्यांतलाच एखादा नर पुढे कळपावर फिरतो. अशा तऱ्हेने दर पिढीला आपण जलद वाढणारे रक्त कसायाकडे पाठवतो आणि मंद वाढणारे ठेवून घेतो. मग दहा-पंधरा वर्षांनी म्हणतो की, पूर्वीसारखी कोकरे राहिली नाहीत.

यावर उपाय कमी खर्चाचा आहे. ज्या मेंढीला दूध भरपूर आहे आणि जिची कोकरे दरसाल चांगली होतात, तिच्या दोन-तीन नर कोकरांना तीन महिन्यांच्या वयातच रंगाची खूण करावी आणि व्यापाऱ्याने दुप्पट दर सांगितला तरी ती देऊ नयेत. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक नर पुरतो. नर दर दोन वर्षांनी बदलावा, म्हणजे बाप-लेकीचा संयोग होणार नाही. शेजारच्या वाड्याशी नराची अदलाबदल केली तर पैसाही लागत नाही. विकत घ्यायचा असेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या रांजणी, महूद, दहिवडी अशा प्रक्षेत्रांवर चौकशी करावी. हे महामंडळ १९७८ पासून आहे. पण त्याच्या दारात आयुष्यात एकदाही न गेलेले मेंढपाळ मला भेटले आहेत.

जुळी कोकरे : कोणासाठी?

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला, हे अनेकांनी ऐकले असेल. हा गुण मूळ बंगालच्या सुंदरबनातील गरोल नावाच्या चिमुकल्या मेंढीचा. तो एकाच जनुकामुळे येतो आणि रक्ताची तपासणी करून तो आहे की नाही हे सांगता येते. गंमत अशी की, १७९० च्या दशकात बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तेथील जुळी देणाऱ्या बुरूला मेंढ्यांतला गुण आणि आपल्या गरोलमधला गुण एकच निघाला. फलटणच्या या मेंढीला नारी सुवर्णा म्हणतात. तिच्या वेताची सरासरी एकाऐवजी दीड कोकराच्या आसपास जाते.

दीड कोकरू म्हणजे दीडपट उत्पन्न, असा हिशेब मात्र कोणी करू नये. दोन कोकरांना पुरेल इतके दूध यायचे असेल तर विण्याच्या आधी महिना-दीड महिना आणि विल्यानंतर दोन महिने मेंढीला रोज पाव किलोच्या आसपास खुराक, शिवाय हिरवा पाला लागतो. रोज आठ-दहा किलोमीटर चालणाऱ्या मेंढीची जुळी कोकरे घोड्यावरच्या टोपलीत वाढत नाहीत. म्हणून पूर्ण फिरत्या कळपाला मी हा नर सुचवीत नाही. घरी म्हातारी माणसे आहेत, थोडे पाणी आहे, तेथे वीस-पंचवीस मेंढ्यांचा वेगळा गट ठेवून त्यावर हा नर वापरावा. अशी सोय असलेली घरे आता वाढत आहेत, कारण पोरे शाळेत आहेत आणि त्यांच्यासाठी कोणीतरी गावी राहतेच.

कोकरू कधी विकावे?

बहुतेक कोकरे नोव्हेंबर ते जानेवारीत होतात आणि तीन-साडेतीन महिन्यांची झाली की विकली जातात. त्या वेळी दख्खनी कोकराचे वजन असते साधारण बारा-तेरा किलो. आम्ही शिकलेली माणसे लगेच म्हणतो, "अजून तीन महिने थांबा, वजन होऊ द्या." पण मेंढपाळ लवकर विकतो त्याला कारणे आहेत. वाटेत मोठी झालेली नर कोकरे आवरत नाहीत आणि पिकात शिरून भांडण ओढवून आणतात. उन्हाळ्यात चारा संपतो आणि मिळवलेले वजन पुन्हा उतरते. लांडगा, बिबट्या, गाडीखाली सापडणे, आजार हे सगळे धोके प्रत्येक दिवसागणिक वाढतात. आणि अनेकांनी व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली असते. उचल घेतली की दर ठरवण्याचा हक्क संपला.

तरीही हिशेब मांडून पाहावा, असे माझे सांगणे आहे. जिवंत वजनाच्या साधारण निम्मे मांस पडते. म्हणजे गावच्या बाजारात मटणाचा जो दर असेल त्याच्या निम्म्याच्या आसपास जिवंत वजनाचा किलोचा दर बसायला हवा. मुंडी, पाय, कलेजी, कातडे यांत विकणाऱ्याची मजुरी आणि नफा जातो असे समजावे. मटण सातशे रुपये असेल तर जिवंत किलोला तीनशेच्या वर दर मागण्यात काही गैर नाही. आता उदाहरणादाखल तीनशे वीस रुपये दर धरू. बारा किलोचे कोकरू तीन महिन्यांनी वीस किलोचे झाले तर आठ किलो वाढले, म्हणजे दोन हजार पाचशे साठ रुपये. रोज २०० ग्रॅमप्रमाणे नव्वद दिवसांत खुराक लागला अठरा किलो. अठ्ठावीस रुपये किलोने झाले पाचशे चार. लस, जंतनाशक, मीठ-खनिज यांचे शंभर-सव्वाशे धरा. वीसात एखादे मेले तर त्याचा बोजा इतरांवर प्रत्येकी सुमारे दोनशे. तरीही कोकरामागे सतराशेच्या जवळपास शिल्लक राहते. दर तुमच्या गावचे घाला, आकडे बदलतील. परंतु वीस कोकरांपैकी सगळी नव्हे, निदान आठ-दहा मागे ठेवण्याइतका फरक बहुधा दिसेल.

हे सर्व वजनावर विकले तरच. नगावर, नजरेने विकले तर वाढलेल्या आठ किलोंपैकी तीन-चार किलो व्यापाऱ्याच्या नजरेत हरवतात. व्यापारी रोज शंभर कोकरे उचलून पाहतो, आपण वर्षातून दोनदा. नजरेचा हा सामना बरोबरीचा नाही. स्प्रिंगचा लटकता काटा आणि एक गोणपाट एवढेच भांडवल लागते. झाडाच्या फांदीला काटा अडकवून कोकरू गोणपाटात घालावे आणि वजन वहीत टिपावे. बाजारात नगावर विकायचे असले तरी निघताना वजन ठाऊक असावे. एका वाड्यात एक काटा पुरे.

२०१९ च्या अखेरीस मटण महागले म्हणून कोल्हापुरात ग्राहकांनी आंदोलन केले, तेव्हा विक्रेते आणि ग्राहक यांच्यात दरावर चर्चा झाली. कोकरू वाढवणाऱ्याचा खर्च किती, हा प्रश्न त्या चर्चेत माझ्या वाचनात तरी कुठे आला नाही. आपल्याकडे खर्चाची वही नसेल तर तो प्रश्न दुसरे कोणी विचारणारही नाही.

बकरी ईदचा बाजार हा वेगळा. तेथे वजनापेक्षा देखणेपणा चालतो. हा सण आपल्या कॅलेंडरप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२५ मध्ये तो ७ जूनला होता. त्यासाठी ठेवायचा नर किमान सहा महिन्यांचा आणि अंगापिंडाने वर्षाच्या जनावरासारखा भरलेला लागतो. लंगडा, तुटक्या शिंगाचा, कान कापलेला चालत नाही. म्हणून ओळखीसाठी कान कापण्याची सवय अशा नरांच्या बाबतीत सोडावी. सण जसजसा उन्हाळ्यात आणि पुढे हिवाळ्याकडे सरकेल, तसतसे नर राखण्याचे महिने बदलतील. याचा विचार मेंढ्यांना नर दाखवतानाच करावा. मेंढी सुमारे पाच महिने गाभण राहते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे हिशेब जमतो.

माझी चूक

नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. विद्यापीठाच्या रानाशेजारी दरवर्षी उतरणाऱ्या एका वाड्यातल्या आबांना मी वरचाच हिशेब मोठ्या उत्साहाने समजावून दिला. त्यांनी पंधरा नर कोकरे मागे ठेवली. मी शेंगदाणा पेंड आणि भरडलेला मका आणून दिला आणि रोज प्रत्येकी पाव किलो घाला म्हणून सांगितले. पहिल्या दिवसापासून पाव किलो. पाचव्या दिवशी सकाळी दोन कोकरे ताठ होऊन पडलेली, तोंडाला फेस. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. पशुवैद्यक आले, त्यांनी पोट उघडून पाहिले आणि आंत्रविषार सांगितला. लस दिली होती का, असे त्यांनी विचारले. तो प्रश्न मी विचारलाच नव्हता.

"सर, चांगली चांगली तेवढीच गेली की वो," आबा म्हणाले. रागावले नाहीत, त्याचेच मला जास्त लागले.

ते म्हणाले ते शास्त्राला धरून होते. आंत्रविषाराचे जंतू निरोगी जनावराच्या आतड्यातही थोडेफार असतात. अचानक पिठूळ, सकस खाद्य जास्त मिळाले की ते भराभर वाढतात आणि विष तयार करतात. म्हणून हा रोग अधाशी, जोमदार, जास्त खाणाऱ्या कोकरालाच आधी गाठतो. पहिल्या कोवळ्या पावसाळी गवतावरही हेच होते. ज्याला आपण खुराक देऊन वाढवू पाहतो तेच दगावते.

तेव्हापासून मी क्रम असा सांगतो. कोकरू तीन महिन्यांचे झाले की आंत्रविषाराची लस, पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा. त्यानंतर जंतनाशक, वजनाप्रमाणे. मग खुराक सुरू करावा तो मूठभर, ५० ग्रॅम. दर चार-पाच दिवसांनी थोडा वाढवत पंधरा-वीस दिवसांनी २०० ग्रॅमवर यावे. आधी कडबा किंवा सुका पाला खाऊ घालावा, नंतर खुराक. रिकाम्या पोटी धान्य देऊ नये. हीच काळजी ज्वारी-मक्याच्या काढणीनंतरच्या रानात मेंढ्या सोडताना घ्यावी. गळालेली कणसे जास्त असतील तर पहिल्या दिवशी अर्ध्या तासात बाहेर काढाव्यात.

लसीचे वेळापत्रक आणि वाटेचे वेळापत्रक

मेंढ्यांच्या लसी आहेत, बऱ्याच सरकारी दवाखान्यात मिळतात, तरी कळप सुटतात. याचे साधे कारण असे की, गावात लसीकरणाचे शिबिर होते तेव्हा कळप दोनशे किलोमीटरवर असतो. जेथे असतो तेथील दवाखान्याच्या यादीत तो नसतो. यासाठी वाट धरण्याचे दोन मुक्काम पक्के करावेत. पहिला मे महिन्याअखेर ते जूनच्या आरंभी, परत आल्यावर : आंत्रविषार आणि घटसर्प. दुसरा ऑक्टोबरमध्ये, निघण्यापूर्वी : लाळ्या-खुरकूत, देवी, आणि ज्या कोकरांना व नवीन आणलेल्या मेंढ्यांना पीपीआरची लस दिली नाही त्यांना ती. लाळ्या-खुरकुताची मात्रा सहा महिन्यांनी पुन्हा लागते, पीपीआरची एक लस मात्र सुमारे तीन वर्षे काम देते. जंताचे औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर द्यावे. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज दिसली की जंत फार झाले असे समजून वाट पाहू नये. कुठे, कोणत्या तारखेला, कोणती लस झाली याची चिठ्ठी घेऊन जवळ ठेवावी.

पीपीआर म्हणजे मेंढ्या-शेळ्यांतील बुळकांडी. गुरांची बुळकांडी आपल्या देशातून गेली. २००६ मध्ये देश त्या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगच मुक्त झाले. मेंढ्यांच्या बुळकांडीचेही तसेच उच्चाटन २०३० पर्यंत करण्याचे जगभर ठरले आहे. फिरते कळप सुटले तर ते होणार नाही. त्यामुळे आपण लस मागायला गेलो तर दवाखान्यावर उपकार मागत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

थंडी-पावसाचे संकट लसीने टळत नाही. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गारठ्याने पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या उघड्यावर मेल्या. नुकत्याच कातरलेल्या आणि नुकत्याच विलेल्या मेंढ्यांना अशा वेळी सर्वांत जास्त धोका असतो. मोबाईलवर हवामानाचा इशारा आता दोन-तीन दिवस आधी मिळतो. वाड्याबरोबर ताडपत्री असावी, आणि ढग भरून आले की कातरणी थांबवावी. केनियातील मार्साबिट भागात २०१० पासून उपग्रहाने कुरणाचा हिरवेपणा मोजून पशुपालकांना दुष्काळाची विमा भरपाई देण्याचा उपक्रम सुरू झाला. द्राक्ष-डाळिंबाला हवामानावर आधारित विमा देणाऱ्या आपल्या राज्यात कुरणाचाही असा विचार करता येईल, असे मला वाटते.

चारायचे कुठे?

ही सर्वांत मोठी अडचण. तिला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. गायराने कमी झाली, माळ नांगरले गेले, कॅनॉलखाली वर्षभर ऊस उभा राहू लागला, वनखात्याच्या रोपवनांत चराई बंद. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क शब्दांत मान्य केलेला आहे. परंतु अनुसूचित जमातीबाहेरच्या लोकांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य आणि वनावरचे अवलंबन सिद्ध करावे लागते. ज्याचे घरच चालते आहे त्याने वास्तव्याचा कागद आणायचा कुठून? तरी जुन्या चराई पासांच्या पावत्या कोणाच्या घरी असतील तर त्या जपून ठेवाव्यात आणि ग्रामसभेपुढे ठेवाव्यात.

जेथे ग्रामपंचायत आणि मेंढपाळ यांचा मेळ आहे, तेथे गायरानाचा एक तुकडा पावसाळ्यात राखावा. पहिल्या पावसानंतर निदान दोन महिने तेथे एकही जनावर सोडू नये. मारवेल, पवना, अंजन ही चांगली गवते फुलून बी पडेपर्यंत राखली तरच टिकतात; सतत चरली गेली की कुसळी गवत माजते. कुसळीची टोकदार बीजे लोकरीत शिरून कोकराच्या कातड्यात घुसतात, हे मेंढपाळ माझ्यापेक्षा चांगले जाणतात. राखलेल्या तुकड्यात पावसाच्या सुरुवातीला स्टायलोचे बी फेकले तर हलक्या मुरमाड जमिनीतही ते येते आणि गवताच्या चाऱ्यात द्विदलाची भर पडते. बांधावर शेवरी, हादगा, बोर, बाभूळ असू द्यावी. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात मोठा आधार देतात. सुभाभळीचा पाला मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये, लोकर झडते. ज्वारीचे कोवळे पोंगे आणि पाण्याच्या ताणाने खुरटलेले फुटवे यांपासून मेंढरे दूर ठेवावीत. आपण ज्याला किराळ लागणे म्हणतो ती विषबाधा फार थोड्या वेळात मारते.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २०१७ पासून वीस मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद झाली. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून पाचशे माद्या आणि पंचवीस नर अशा मोठ्या प्रकल्पाला निम्मे, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाच्या अटी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचाराव्यात. माझे मत असे की, दुसरी योजना जमीन, शेड आणि बँकेत पत असलेल्यांच्या कामाची आहे. ज्याच्या चार पिढ्या मेंढ्यांमागे गेल्या, त्याच्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणच्या नव्या उद्योजकालाच ती लवकर पोचते.

रानात मेंढरे बसवताना

शेवटी शेतकरी बंधूंसाठी. कारण फिरत्या कळपाला पुढच्या काळात चारा मिळणार असेल तर तो बराचसा आपल्या काढणी झालेल्या रानातच मिळेल.

दोनशे मेंढ्या एका रात्रीत वाघरीच्या आत साधारण अडीच गुंठे जागा धरतात. रोज वाघर सरकवली तर सोळा रात्रींत एकर बसून होतो. एक मेंढी रात्रीत अर्धा किलोच्या आसपास ओली लेंडी टाकते. म्हणजे एकरी सोळाशे किलो, वाळून सातशे किलो. वाळलेल्या लेंडीत सुमारे तीन टक्के नत्र, एक टक्का स्फुरद आणि दोन टक्के पालाश असते. हिशेब केला तर एकरी २१ किलो नत्र, ७ किलो स्फुरद, १४ किलो पालाश येते. यातले नत्र युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीइतके झाले. लघवीतले वेगळे, सेंद्रिय पदार्थ वेगळा. मोबदला ठरवताना नुसत्या युरियाच्या गोणीची किंमत समोर ठेवून घासाघीस करू नये, हे यावरून लक्षात येईल.

परंतु या नत्राचा मोठा भाग आपणच उडवून देतो. लघवीतले नत्र उघड्यावर, उन्हात, आपल्या विम्लधर्मी काळ्या जमिनीवर दोन-तीन दिवसांत अमोनिया होऊन हवेत जाते. वाडा उठल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी नांगर घालणारे शेतकरी मी दरवर्षी पाहतो. मेंढ्या पुढे सरकल्या की मागच्या अडीच गुंठ्यांवर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उथळ कुळव फिरवावा, माती लेंडीवर आली पाहिजे. सगळा एकर संपण्याची वाट पाहू नये.

व्यवहार आधी बोलून ठेवावा : किती रात्री, किती मेंढ्या, पैसे की धान्य, पाणी कोठले, कोणत्या बांधापर्यंत चरायचे. शेजाऱ्याच्या उभ्या पिकाची कल्पना मेंढपाळाला आपण द्यावी. रानावर नुकतेच कीटकनाशक मारले असेल किंवा विहिरीजवळ औषधाचे डबे पडले असतील तर तेही सांगावे. एका रात्रीत कळप आडवा झालेला मी पाहिला आहे, आणि दोन्ही बाजूंनी हेतू वाईट नव्हता.

ज्या आबांची पाच कोकरे माझ्या सल्ल्याने गेली, त्यांचा वाडा पुढल्या वर्षी दुसऱ्या रस्त्याने गेला. त्याच्या पुढच्या वर्षी परत आमच्या शेजारी उतरला. आता त्यांचा मुलगा वाडा चालवतो. काटा त्याच्याकडे आहे, वहीही आहे. गेल्या नोव्हेंबरात तो आला तेव्हा आधी लसीची चिठ्ठी दाखवली आणि मग विचारले, "सर, यंदा किती ठेवू मागं?" चाऱ्याचे कसे आहे ते विचारून आम्ही दोघांनी मिळून बारा हा आकडा ठरवला.